बाग काढली, आता एवढ्या लोखंडाचं काय करू? उक्त्यात १ लाख ७५ हजार म्हणतोय

द्राक्षवेडा
रामराम मंडळी. तासगाव तालुक्यातला आहे, धागे वाचतो बरेच पण लिहितोय पहिल्यांदाच, चुकलं तर सांभाळून घ्या. २ एकर सोनाका द्राक्षाची बाग होती, १४ वर्षांची, मागची तीन वर्षं ऐन छाटणीनंतर पाऊस आणि मग औषधांचा खर्च, शेवटी वडलांना कसंबसं तयार करून यंदा बाग काढली. मुळ्या-बुंधे जेसीबीनं काढले, आता रानात नुसता इंग्रजी वाय (Y) आकाराचा मांडवाचा सांगाडा उभा आहे. अँगल, वर आडवे हात, तारा, ताण, सगळं. परवा एक भंगारवाला येऊन रान फिरून गेला, म्हणाला पाच-साडेपाच टन भरेल, पण तुमच्याशी संबंध ठेवायचेत म्हणून उक्त्यात, म्हणजे वजन न करता एकरकमी, १ लाख ७५ हजार देतो, काढायची मजुरी, गॅस कटर, गाडी सगळं माझं. आमच्याकडं लोखंडाचा दर २९-३० चालू आहे. साडेपाच टन गुणिले ३० केलं तर १ लाख ६५ हजारच होतात आणि हा वर दहा हजार देऊन मजुरी पण घालतोय, मला तर देवमाणूस वाटला. बायको म्हणते एवढा चांगला माणूस भंगारात काय करतोय. देऊ का?

निफाडचा_नाना
वहिनींना नमस्कार सांगा, घरात हुशार माणूस आहे.

येरळाकाठ
थांब रे बाबा, बयाना घेतलास का? घेतला नसशील तर आधी रानात जा, अँगल मोज. एकूण किती नग, किती फुटी आणि पट्टी किती रुंद न किती जाड ते इथं लिही, मग सांगतो तो देवमाणूस आहे का कोण आहे.

द्राक्षवेडा
बयाना नाही घेतला. मोजून आलो. ६२० अँगल आहेत, रोवताना ८ फुटी घेतलेले, त्यातले दीड फूट काँक्रीटमध्ये. पट्टी दोन इंच, जाडी ५ एमएम, पावतीच सापडली जुनी, त्यावर ५०-५०-५ लिहिलंय. वरचे हात दोन-दोन फुटांचे, ३५-३५-५. ओळी ९ फुटांवर, बाजूला तीन न तीन मिळून सहा तारा, १२ गेजच्या.

येरळाकाठ
आता बघ. ५०-५०-५ चा अँगल मीटरला ३ किलो ८०० भरतो, कुठल्याही स्टीलच्या दुकानात तक्ता लावलेला असतो त्यात बघ. ८ फूट म्हणजे २.४४ मीटर, एका अँगलचे ९ किलो २७०. गुणिले ६२० म्हणजे ५ टन ७४७ झाले, अजून हात धरलेच नाहीत. ३५-३५-५ मीटरला २ किलो ६००, एका खांबाला चार फूट म्हणजे सव्वातीन किलोच्या आत, त्याचे १ टन ९६६. आता तार. २ एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट, भागिले ९ केलं की ओळींची लांबी ९,६८० फूट, मीटरमध्ये २,९५० धर, सहा तारा म्हणजे १७,७०० मीटर. १२ गेजची तार किलोत साधारण २३ मीटर बसते, म्हणजे ७७० किलो. सगळं मिळून जवळजवळ साडेआठ टन होतंय लेका. गंजून घट आली, खाली थोडं तुटून राहिलं असं धरून एक टन सोडून दे, तरी साडेसात. त्याला पाच-साडेपाच दिसलं होय? त्याला बरोब्बर साडेसात दिसलंय, तुला साडेपाच सांगितलं.

द्राक्षवेडा
आयला.

द्राक्षवेडा
वडलांना दाखवलं वाचून. म्हणाले त्या येरळाकाठला चहाला बोलीव.

टेम्पो४०७
मी याच धंद्यात आहे म्हणून बोलतो, मला शिव्या देऊ नका. सांगोला साइडला गावोगाव फिरून माल गोळा करतो, सुरुवात शेती बघत जोडधंदा म्हणूनच केली, आता शेती जोडधंदा झालीय. उक्त्यात घेणारा माणूस जोखीम घेतो हे पण लक्षात घ्या. अँगल ओढून काढायला किती दिवस लागतील, काँक्रीटसकट किती निघेल, पाऊस आला तर टेम्पो रानात रुतणार, मध्येच दर पडला तर? मी स्वतः एकदा कोंबडीच्या पोल्ट्रीचं शेड उक्तं घेऊन १८ हजारानं बुडालोय, वरून पत्रा चांगला दिसत होता न हात लावला तर पापडासारखा. तर भाऊंना दिलेला भाव लबाडीचा आहे हे मान्य, पण १ लाख ७५ मध्ये त्याची मजुरीच वीस-बावीस हजार जाईल. सगळे भंगारवाले चोर हे जरा जास्त होतंय.

येरळाकाठ
चोर कोण म्हणालं? मी गणित मांडलंय फक्त.

टेम्पो४०७
आबा तुमच्या गणितात "लेका" पण होतं.

निफाडचा_नाना
भांडू नका. द्राक्षवेडा भाऊ, माझी दीड एकर थॉमसन चार वर्षांपूर्वी काढली, तेव्हाचा अनुभव सांगतो. अँगल हा भंगार नाहीये. तो अँगल आहे. भंगार तो तेव्हा होतो जेव्हा तुम्ही त्याला भंगार म्हणता. आज कुंपण करायचं म्हटलं की माणसं नवीन अँगल घ्यायला जातात न दर ऐकून परत येतात. आमच्याकडे रानडुकरांचा न बिबट्याचा त्रास, त्यामुळे कुंपणाला गिऱ्हाईक कायम. शेळ्यांचं शेड, गोठा, कांदा चाळ, सगळ्याला हाच माल चालतो. मी गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आणि आठवडे बाजारातल्या दोन दुकानांत सांगून ठेवलं, महिनाभरात निम्मा माल नगावर गेला. किलोवर नाही, नगावर. किलो म्हटलं की गिऱ्हाईक लगेच भंगाराचा दर काढतं.

आता बघायचं काय ते सांगतो. अँगल जमिनीत जिथं शिरतो तिथं वीतभर जागा असते, ड्रिपरचं पाणी आणि खतं वर्षानुवर्षं तिथंच पडतात, तेवढा पट्टा कुजतो. वर रंग पण टिकलेला आणि खाली हातोडी मारली की पापुद्रे. हातोडी घेऊन प्रत्येक अँगलला त्या जागी एक ठोका द्या, खणखणीत वाजला तर चांगला, भद्द वाजला तर भंगारात. चांगल्याचा खालचा दीड फूट कापून टाकायचा, साडेसहा फुटी नग राहतो, कुंपणाला पुरे. ऑइलपेंटनं आकडे टाका, मोजायला बरं पडतं.

द्राक्षवेडा
नाना नगाला काय सांगायचं?

निफाडचा_नाना
साडेसहा फूट म्हणजे साडेसात किलो. किलोला ४० धरून ३०० सांगा. घासाघीस होणार, पण २७५ च्या खाली येऊ नका.

सुलभा_जत
अँगलबद्दल मला सांगता येणार नाही पण विहिरीवरचं कोणी विकत असेल तर एक सांगते. आमची साडेसात एचपीची पाणबुडी मोटार तीनदा जळली, तिन्ही वेळा वाइंडिंगला दिली. तिसऱ्या वेळी मुलगा बरोबर होता, तो म्हणाला आई जुनी तार कुठंय? दुकानदार म्हणाला ती आमच्याकडेच राहते, पद्धत आहे. कसली पद्धत? तांबं आमचं, तेही काही थोडकं नाही, आणि तांब्याला आज लोखंडाच्या वीस पटीहून जास्त भाव. आता मी मोटार देतानाच बिलावर लिहून घेते, जुनी तार परत किंवा बिलातून वजा. पाणबुडीच्या तारेवर प्लास्टिकचं वेष्टण असतं, ते आमचे गडी जाळून काढायचे, ते बंद केलं. एकतर धूर घरात येतो आणि दुसरं म्हणजे जळकं तांबं काळं पडतं, त्याला किलोमागं कमी देतात. ब्लेडनं सोलायला एक दुपार जाते, टीव्ही बघत होतं.
आणि हो, हल्ली काही मोटारींत तांब्यासारखी दिसणारी तार असते, ब्लेडनं खरवडली की आत पांढरी. ती ॲल्युमिनियम. तांबं समजून खूश होऊ नका, मी झाले होते.

येरळाकाठ
ताई हे सोन्यासारखं सांगितलं. मी तर आयुष्यभर तार सोडून आलो तिकडं.

भट्टीवरून
जालन्यात फर्नेसवर कामाला आहे, १६ वर्षं. तुमच्या रानातलं भंगार शेवटी आमच्यासारख्याच भट्टीत पडतं आणि सळई होऊन परत तुमच्याच घराच्या स्लॅबमध्ये जातं, म्हणून इकडची बाजू सांगतो. माणसं विचारतात कडता, म्हणजे वजनात कपात, का लावता. बघा, इंडक्शन भट्टीत माल सोळाशे डिग्रीच्या आसपास वितळतो. त्यात काँक्रीटचा गोळा आला की त्याचं लोखंड होत नाही, तो मळी होऊन वर तरंगतो, ती काढायची म्हणजे वीज गेली, वेळ गेला. मातीचंही तेच. त्यामुळे काँक्रीट लागलेला माल म्हणला की व्यापारी डोळे झाकून टनामागं कडता धरतो, आणि तो नेहमी खऱ्या मातीपेक्षा जास्तच धरतो, कारण त्याला पण पुढं कापतात. तुम्ही स्वतः घणानं काँक्रीट फोडून दिलं तर तोंड वर करून बोलता येतं.

तारेचं. जीआय तारेवर जस्त असतं, जस्त ९०७ डिग्रीला उकळतं, म्हणजे लोखंड वितळायच्या कितीतरी आधी त्याचा पांढरा धूर होतो. भट्टीच्या अस्तराला वाईट आणि आमच्या छातीला पण. शिवाय तार फुगीर, ट्रकभर घातली तरी वजन नाही. म्हणून तारेचा दर कायम खाली. तार वेगळी ठेवा, अँगलमध्ये मिसळली तर सगळ्याला तारेचा दर लावतील.

आणि हे हात जोडून सांगतो. बंद वस्तू भंगारात टाकू नका. जुना गॅस सिलिंडर, गाडीचा शॉकअब्सॉर्बर, दोन्हीकडून बुच मारलेला पाइप, फवारणीच्या पंपाची टाकी, ग्रीसचा डबा. आत चमचाभर पाणी असलं तरी वितळलेल्या लोखंडात पडल्यावर त्याची वाफ होते आणि सगळा रस बाहेर फेकला जातो. माझ्या समोर झालंय. एका पोराचा हात आणि मान. व्यापाऱ्याकडं तपासतात, आमच्याकडं परत तपासतात, तरी एखादी सुटते. तुमच्याकडं पाइपच्या तोंडाला चिखल वाळून बसलेला असला तरी आपटून मोकळा करून द्या.

निफाडचा_नाना
हे वाचून अंगावर काटा आला. भाऊ काळजी घ्या.
जस्ताचं निघालंच तर सांगतो, आमचा कटरवाला दिवसभर जीआय पाइप कापत होता, बंद शेडमध्ये. संध्याकाळी थंडी वाजून ताप, आम्हाला वाटलं मलेरिया. डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला, आज पाइप कापलेत का? दुसऱ्या दिवशी उतरला. कापायचं तर उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून.

कोकणातला_जावई
माझ्या सासऱ्यांकडे बैलगाडीची जुनी चाकं आहेत, लोखंडी धाव चढवलेली. भंगारात किती येतील?

येरळाकाठ
जावईबापू, धाव काढून भंगारात दिली तर सासरेबुवा तुम्हाला पण भंगारात देतील. अख्खं चाक हॉटेलवाले नेतात, भिंतीला टांगायला. भंगारापेक्षा कितीतरी जास्त मिळतं.

टेम्पो४०७
ट्रॅक्टर-ट्रॉलीचे कमानपाटे पण भंगारात देऊ नका. लोहार त्याचे कोयते-विळे करतो, ऊसतोडीच्या आधी त्यांना माल मिळत नाही. किलोला भंगाराच्या दीडपट तरी देतो.

बरं, द्राक्षवेडा, आता वजनाचं ऐक. माझ्या धंद्यातल्या लोकांना राग येईल पण चालेल. ताणकाट्यावर, म्हणजे हुक लावून लटकवायच्या काट्यावर द्यायचं नाही. भुईकाट्यावरच, म्हणजे अख्खी गाडी चढवून मोजतात त्या काट्यावर. गाडी रिकामी असताना तू स्वतः बरोबर जा, रिकाम्याची चिठ्ठी घे. रिकाम्याच्या वेळी गाडीत चार गडी, पाण्याचा बॅरल, स्टेपनी, ताडपत्री असं सगळं ठेवतात आणि भरून येताना गडी उतरलेले असतात, बॅरल मोकळा असतो. तेवढं वजन तुझं गेलं. तीन-चारशे किलो म्हणजे दहा हजार. दोन्ही वेळा गाडीत तेवढंच सामान न तेवढीच माणसं. जमलं तर रिकामी न भरलेली एकाच काट्यावर, काटा तुझ्या ओळखीचा, साखर कारखान्याजवळचा असेल तर चांगलंच.

अजून एक. कोण म्हणालं की जीएसटीमुळं दर कमी देतो तर ऐकू नको. १० ऑक्टोबर २०२४ पासून असंय की तुझ्यासारख्या नोंदणी नसलेल्या माणसाकडून नोंदणी असलेल्या व्यापाऱ्यानं धातूचं भंगार घेतलं तर १८ टक्के त्यानंच रिव्हर्स चार्जनं भरायचे, आणि ते त्याला क्रेडिटमध्ये परत धरता येतात. तुझ्या खिशातून काही जात नाही.

सुलभा_जत
दादा, पावती देतात का हो हे लोक? आमच्याकडे कोणी मागितली तर हसतात.

टेम्पो४०७
ताई मी देतो. उलट मीच विकणाऱ्याच्या आधारची झेरॉक्स आणि मालाचा मोबाइलवर फोटो घेतो. केबल-मोटारी चोरीच्या केसेस एवढ्या झाल्यात की चोरीचा माल घेतला म्हणून आधी आमच्या दारात जीप उभी राहते, पूर्वी कलम ४११ लागायचं, आता न्याय संहितेत कलम ३१७. त्यामुळं भाऊ पावती दोघांनी ठेवायची. आणि बांधावर महावितरणची जुनी तार पडलीये, खांब आडवा पडलाय म्हणून त्याला हात लावू नका कोणी, तो माल आपला नाही. अनुदानात घेतलेलं अवजार असेल तर हमीपत्रात काय लिहून दिलंय ते आधी वाचा.

द्राक्षवेडा
सगळ्यांचे आभार. त्या माणसाला फोन करून सांगितलं की उक्त्यात नाही, काट्यावर देणार. तो म्हणाला मग तुमचं तुम्ही काढा. ठीकाय, काढतो. उद्यापासून गडी लावलेत. झालं की हिशोब इथं टाकतो.

येरळाकाठ
हिशोब पैशासकट टाक, नुसतं "चांगले मिळाले" लिहू नको.

द्राक्षवेडा
(बरोबर सव्वा महिन्यानं आलोय.) आबा हा घ्या हिशोब.

हातोडीचा ठोका दिला सगळ्यांना. पहिल्या दिवशी मला फरक कळंना, वडील मागून चालत होते, न बघता नुसतं ऐकून सांगायचे, "गेला", "हाय", "हाय", "गेला". ६२० पैकी ४०० चांगले निघाले. २२० खालून गेलेले. हातांचे नटबोल्ट सगळे गंजून एकजीव, पान्यानं एकही सुटला नाही, कटरनंच उडवले. काँक्रीट घणानं फोडलं, काही अँगलचे बुडखे जमिनीतच तुटले, तिथं आता नांगर अडकेल म्हणून खुणेला काठ्या रोवल्यात.

४०० अँगल ३०० नं गेले. पलीकडच्या गावात एकानं सात एकराला कुंपण करायला एकदम अडीचशे घेतले, बाकीचे दहा-वीस करून, शेवटचे एका शेळीपालनवाल्यानं नेले. झाले १ लाख २० हजार. भंगारातलं लोखंड, खराब अँगल न खालचे तुकडे न हात, भुईकाट्यावर ३ टन ९९० भरलं, २९ नं १ लाख १५ हजार ७१०. रिकाम्या गाडीबरोबर मी स्वतः गेलो, आणि खरंच बॅरल होता हो गाडीत, भरलेला. उतरवायला लावला, ड्रायव्हर म्हणे प्यायचं पाणी आहे. दोनशे लिटर पितो का बाबा. तार ७०० निघाली, ४०० किलो २२ नं दिली, ८,८००. चांगली ३०० किलो ठेवली मी.

जमा २ लाख ४४ हजार ५१०. खर्च, गडी पाच चार दिवस १२ हजार, कटर सिलिंडरसकट ७ हजार, ट्रॅक्टर साडेतीन. वजा साडेबावीस. राहिले २ लाख २२ हजार १०. उक्त्यापेक्षा ४७ हजार जास्त आणि तार उरलीय ती वेगळी. माझी स्वतःची मजुरी धरली नाही, कंबर धरलीय ती पण नाही.

टेम्पो४०७
बॅरल 😂😂 सांगितलं होतं का नाही. बाकी हिशोब चोख.

निफाडचा_नाना
२७५ वर एकही गेला नाही? मानलं.

द्राक्षवेडा
नाना, गिऱ्हाइकाशी वडील बोलायचे, मी नाही. मी बोललो असतो तर अडीचशेला गेले असते.
एकच गोष्ट विकायची राहिली. विहिरीजवळ लिंबाखाली जुनं ऑइल इंजिन आहे, दोन चाकांचं, पाच एचपी, वीस वर्षं बंद. भंगारवाला ३२ नं न्यायला तयार होता, बिडाचं वजन म्हणजे भरलं असतं साडेतीनशे किलोच्या आसपास. दोऱ्या बांधल्या, गडी आले, तर वडलांनी हँडल घालून चाक फिरवलं, आणि ते फिरलं. म्हणाले जाम झालेलं नाही, जाम झालेलं नसताना भंगार कसं म्हणायचं. गड्यांना चहा पाजून परत पाठवलं.

सुलभा_जत
बरं झालं. डिझेल घालून बघा एकदा.

भट्टीवरून
आमच्याकडे आलं असतं तर पंधरा मिनिटांत पाणी झालं असतं त्याचं. ठेवा.

येरळाकाठ
३०० किलो तार ठेवलीस ती विकणार का? मला परसातल्या कुंपणाला दीडशे पाहिजे. २२ चा दर सांगू नको, मला पण गणित येतं, ३५ नं देतोस का बोल. आणि चहा राहिलाय.

द्राक्षवेडा
आबा तार घेऊन जा, दराचं वडलांशी बोला. रविवारी घरीच आहेत, इंजिन खोलून बसलेत.